क्युरेटर आणि कंडक्टर: सांगलीत बसून कलासंशोधन कसं करायचं

सांगलीत कुणालाही सांगून बघा की मी कंडक्टरवर संशोधन करतोय, समोरचा पहिलं विचारणार कुठल्या डेपोचा. आमच्या घरी तेच झालं. मी विनाअनुदानित शाळेवर चित्रकला शिकवतो, म्हणजे पगाराचा पत्ता नाही, त्यामुळं आईला वाटलं पोरगं शेवटी एसटीत चिकटलं, आणि तिचा चेहरा एवढा खुलला की खरं काय ते सांगायला मला दोन दिवस लागले. तर हा कंडक्टर म्हणजे ऑर्केस्ट्रासमोर उभा राहून हात हलवणारा, आणि आपल्याला तो ठेवायचाय चित्रप्रदर्शन जुळवणाऱ्या क्युरेटरच्या शेजारी. पण एसटीवाल्याला एकदम सोडून देऊ नका, त्याची डबल बेल पुढं कामाला येणारे.

कलासंशोधन म्हटलं की लोकांना प्रबंध, तळटीपा, गाईडच्या घरी चकरा असलं डोळ्यापुढं येतं. १९९३ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी याची एक सोपी वाटणी केली होती, कलेविषयी संशोधन, कलेसाठी संशोधन आणि कलेतून संशोधन. आपलं तिसरं. म्हणजे क्युरेटर आणि कंडक्टर या दोघांवरची पुस्तकं वाचून निबंध लिहायचा नाहीये, दोन्ही कामं स्वतः करून बघायची, हात पोळून घ्यायचे, आणि काय झालं ते असं नोंदवून ठेवायचं की दुसऱ्याला ते तपासता येईल. शेवटचं वाक्य परत वाचा, कारण ते सुटलं की उरतो तो नुसता छंद.

पहिली चूक सगळे करतात ती मी पण केली, प्रश्न मोठा घेतला. ‘क्युरेटर हा कलेचा कंडक्टर असतो का’ असलं काहीतरी. याचं उत्तर हो पण येतं आणि नाही पण येतं आणि कुठलंही आलं तरी कुणाचं काही अडत नाही. प्रश्न असा घ्या की एखाद्या संध्याकाळी एखाद्या खोलीत उभं राहून तो तपासता येईल. सुरुवात कोण देतं? शांतता कुणाच्या हातात असते? चुकलं तर आधी कुणाला कळतं? हा माणूस मधेच उठून गेला तर काय होतं? यातला एकच धरा. मी ‘सुरुवात कोण देतं’ हा धरला, बाकीचे न बोलावता येऊन बसले.

मग वाचन, पण त्याला पंधरा दिवसांच्या वर देऊ नका, नाहीतर वाचतच म्हातारे व्हाल. कंडक्टरकडं जाताना काठीपासून निघा. फ्रान्सच्या राजाचा दरबारी संगीतकार लुली जाड काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा, १६८७ मध्ये ती स्वतःच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. पुढं काठीची काडी झाली, मेंडेल्सोन या जर्मन संगीतकारानं १८३५ पासून लाइपझिगला ती काडी, म्हणजे बॅटन, घेऊन वाद्यवृंद चालवला, आणि अशा रीतीनं स्टेजवर एक असा माणूस उभा राहिला की ज्याचं स्वतःचं काहीच वाजत नाही. आता बेथोव्हेनची पाचवी सिंफनी ऐका, ती चार स्वरांची धडक सगळ्यांना माहीत असते, पण कागदावर त्या धडकेच्या आधी एक छोटा विराम लिहिलेला आहे. म्हणजे पहिला ठोका मुका. तो कंडक्टर हवेत देतो आणि त्याच्या पाठोपाठ सगळे तुटून पडतात. एसटीची डबल बेल नेमकी हीच, ती वाजते तेव्हा गाडी जागेवरच असते, पण गाडी निघाली ती त्या बेलपासून.

क्युरेटरकडं एवढी जुनी काठी नाही. त्याच्यासाठी हाराल्ड झीमान हा एक माणूस नीट बघितला तरी पुरे. १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कुन्स्टहाले या प्रदर्शनगृहात त्यानं असं प्रदर्शन केलं की कलाकारांनी तिथंच येऊन कामं केली, भिंतीचं प्लास्टर खरवडलं, शिसं वितळवून ओतलं, आणि त्यावरून एवढं वाजलं की त्यानं नोकरी सोडली. १९७२ मध्ये जर्मनीत कासेलला भरणाऱ्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनाची पाचवी खेप त्यानं केली तेव्हा डॅनियल ब्युरेन या कलाकारानं तक्रार केली, तिचा मतलब असा की आता प्रदर्शनात कलाकृती दिसत नाहीत, प्रदर्शन स्वतःच कलाकृती होऊन बसलंय. वादकांच्या तोंडी घाला हे वाक्य, जसंच्या तसं बसतं.

दोघांच्याही धंद्यात ‘हा माणूस पाहिजेच कशाला’ हा प्रश्न येऊन गेलाय हे मला फार आवडलं. मॉस्कोत १९२२ ते १९३२ पर्सिमफान्स नावाचा वाद्यवृंद बिनकंडक्टरचा चालला, न्यूयॉर्कचा ऑर्फियस १९७२ पासून तसाच चाललाय, आणि इकडं २०२२ चा डॉक्युमेंटा एका क्युरेटरऐवजी रुआंगरुपा या इंडोनेशियन गटाकडं होता. वाचनाची वही इथं मिटा.

आता बाहेर पडा. आणि सिंफनी ऐकायला मुंबईलाच गेलं पाहिजे असं काही नाही, मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, जमलं तर जरूर जा, पण मला सगळ्यात मोठा कंडक्टर भेटला तो सातारा जिल्ह्यात, आषाढात. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते. संध्याकाळी तळावर समाजआरती असते. हजारो टाळ, शेकडो पखवाज, कानाला दडे बसतात, आणि चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतो. बस्स. एवढा सगळा आवाज एका झटक्यात खाली बसतो, अंगावर काटा येतो. तो गात नाही, वाजवत नाही, नुसता चोप वर.

पण खरी गंमत त्याच्या पुढं आहे. एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, पाणी मिळालं नाही, जागेवरून भांडण झालं, काहीही, तर ती दिंडी चोप वर गेल्यावरसुद्धा टाळ वाजवत राहते. सगळं शांत आणि एका कोपऱ्यातून टाळ चालूच. मग चोपदारांना तिकडं जावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं, आणि तेव्हाच ते टाळ थांबतात. लुलीच्या काठीत ही सोय नव्हती. ऑर्केस्ट्रात वादकानं असं केलं तर दुसऱ्या दिवशी घरी. आणि प्रदर्शनात? भिंतीवरच्या चित्राला तक्रार असली तर ते टाळ कसा वाजवणार? हे मी त्या रात्री डायरीत लिहिलं आणि माझ्या सगळ्या प्रोजेक्टचा कणा तोच झाला. तुम्ही पण असा एखादा देशी नमुना शोधा आणि त्याला पाश्चात्त्य कंडक्टरच्या बरोबरीनं बसवा, तोंडी लावायला म्हणून नको.

दुसरी जागा सातारा जिल्ह्यातलंच औंध. तिथल्या संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी भवानराव स्वतः चित्रकार, त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं, तिथं रविवर्माची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं आईमुलाचं शिल्पसुद्धा आहे, लोकांना पटत नाही पण आहे. तिथं एकच एक्सरसाईज करा: एक दालन सरळ चालत बघा, मग तेच दालन उलट दिशेनं, आणि कुठं थांबलात ते दोन्ही वेळा लिहा. माझी दोन्ही यादी निम्मीसुद्धा जुळली नाही. गाणं उलटं ऐकता येत नाही, दालन उलटं बघता येतं, एवढी एक नोंद खिशात घालून खाली उतरा. औंधला गाण्याचा जुना महोत्सव पण असतो, ऐंशीच्या वर वर्षं झाली त्याला, त्या वेळी गेलात तर दिवसा भिंती आणि रात्री मैफल असं एकाच गावात दोन्ही बघून होतं.

आता करायचं काम. पहिलं कंडक्टिंग.

आरशासमोर आठवडाभर चार मात्रांचा हात बसवा: खाली, आत, बाहेर, वर. खाली म्हणजे पहिली मात्रा, वर म्हणजे चौथी, आणि ते ‘वर’ सगळ्यात महत्त्वाचं कारण पुढच्या पहिलीची लय आणि जोर दोन्ही त्यात दिसलं पाहिजे. हात जमला की माणसं शोधा. ऑर्केस्ट्रा कुठून आणणार, पण मिरजेत सांगलीत ब्रास बँड आहेत, लग्नसराई संपली की संध्याकाळी मोकळे सापडतात. पैसे द्या. ‘तुमच्या कलेवर संशोधन करतोय’ म्हणून फुकट वाजवून घेऊ नका, मी अकरा जणांना दोन संध्याकाळचे नेहमीच्या सुपारीच्या अर्धे दिले आणि चहा-भडंग वेगळं.

पहिल्या संध्याकाळी मी हात वर केला, खाली आणला, आणि क्लॅरिनेट एकीकडं, ट्रंपेट दुसरीकडं, ढोलवाला तर माझ्याकडं बघतच नव्हता. तीनदा झालं. मग बँडमास्तर हळूच म्हणाले, “सर, हात लय हलिवताय. आधी श्वास घ्या की.” मला कळेना. ते म्हणाले फुंकायचं वाद्य आहे, माणूस फुंकायच्या आधी श्वास घेणार, तुम्ही घेतलेला दिसला की आम्हीबी घेतो. चौथ्यांदा मी हात जवळजवळ हलवलाच नाही, नुसता श्वास घेतला आणि मान खाली, आणि अकराच्या अकरा एकदम! त्या क्षणाला जे पोटात होतं ते कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, म्हणूनच हा सगळा उपद्व्याप.

दुसऱ्या संध्याकाळी उलटा प्रयोग करा. गाणं रंगात आलं की हात थांबवा. मी थांबवला, खिशात घातला. कुणाला काही फरक पडला नाही, दोन कडवी आरामात वाजली. पण ध्रुवपदावर परतताना गडबडले, निम्मे परतले, निम्मे पुढं गेले, आणि तिथं मास्तरांनी क्लॅरिनेट वाजवता वाजवताच खांदा उडवून सगळ्यांना ओढून आणलं. म्हणजे सरळ रस्त्यावर कंडक्टर लागत नाही, वळणावर लागतो. हे लिहून ठेवा, प्रदर्शनात याचा कोपरा होतो.

सगळं रेकॉर्ड करा, मोबाईल तुमच्या तोंडासमोर नको, वादकांच्या मागून लावा म्हणजे त्यांना काय दिसत होतं ते तुम्हाला दिसेल. मी स्वतःला बघितलं आणि दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता क्युरेटिंग. छोटं करा. १८०८ च्या २२ डिसेंबरला व्हिएन्नात बेथोव्हेननं एकाच कार्यक्रमात पाचवी सिंफनी, सहावी सिंफनी, पियानो कॉन्चेर्टो आणि आणखी बरंच काही असं चार तास वाजवलं, हॉल गार पडलेला, रिहर्सल अपुरी, आणि शेवटची कोरल फँटसी मधेच कोलमडली, थांबवून परत सुरू करावी लागली. आणि तो बेथोव्हेन होता. तेव्हा साठ चित्रं लावायचा मोह आवरा. मी सहा चित्रकारांची चोवीस घेतली आणि आता वाटतं अठराच बरी झाली असती. चित्र घेताना प्रत्येकाला सहीची पावती द्या, त्यात चित्राचं नाव, माप, माध्यम, आधीचे ओरखडे आणि परत द्यायची तारीख. एका हॉलवाल्यांनी मला तोंडी हो म्हणून चार दिवस आधी तो साडीच्या सेलला दिला, तेव्हा हॉलचं पण कागदावरच घ्या.

हॉल मिळाला की स्कोअर बनवा, म्हणजे ऑर्केस्ट्रात कुणी कधी काय वाजवायचं ते ओळीखाली ओळ लिहिलेला कागद असतो तसा. माझा हॉल चाळीस बाय पंचवीस फूट होता, ए-थ्री ग्राफपेपरवर एका फुटाला एक सेंटिमीटर धरला की बरोबर बसतो. हा झाला नकाशा. त्याच्याखाली संगीताच्या स्कोअरसारख्या आडव्या ओळी मारा, प्रेक्षक चालेल त्या क्रमानं: पहिल्या ओळीत चित्राचा आकार, दुसरीत उजेड-काळोख, तिसरीत किती लांबून बघायचं, चौथीत वाचायचा मजकूर, पाचवीत आवाज, म्हणजे पंखा, रस्ता, शेजारचं मंगल कार्यालय. रिकामी भिंत पण लिहायची, विराम म्हणून. मी एका मोठ्या काळ्या कॅनव्हासच्या आधी दहा फूट भिंत मोकळी सोडली, तर मदतीला आलेला पोरगा म्हणाला, “सर, इथं दोन बसतील की.” बसतील, पण बसवायची नाहीत. यासाठी भांडायची तयारी ठेवा.

टांगायच्या आधी चित्रांच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून भिंतीला चिकटवा, ही तुमची रिहर्सल, दोन दिवस द्या. उंची अशी काढा: चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटर. समजा १४८ धरलं, फ्रेम ६० सेंटिमीटर उंच, आणि मागची तार ताणल्यावर फ्रेमच्या वरच्या कडेपासून ८ खाली येते, तर खिळा १४८ अधिक ३० वजा ८, म्हणजे १७० वर. प्रत्येक चित्राची तार वेगळी ताणते, एकदा मोजून सगळीकडं तोच खिळा ठोकू नका. उजेडाचं म्हणाल तर संग्रहालयात कागदावरच्या कामाला ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आणि तैलरंगाला २०० लक्स धरतात, आपल्या हॉलमध्ये खिडकीतून त्याच्या कितीतरी पट येतो, तेव्हा जलरंग खिडकीसमोर नको आणि जाड पडदे भाड्यानं आणा.

आता माझी फजिती. सुरुवातीचा मुका ठोका म्हणून मी दारासमोर एकट्या भिंतीवर एक तळहाताएवढं पेन्सिल ड्रॉइंग लावलं, बेथोव्हेनचा तो विराम, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात नकाशाच्या झेरॉक्स घेऊन बसलो, येणाऱ्या प्रत्येकाचा चालायचा मार्ग पेन्सिलनं काढायचा आणि थांबला तिथं टिंब. (नावं लिहू नका, लहान मुलांचे फोटो काढू नका, आणि दारावर पाटी लावा की असं नोंदवतोय.) चाळीस जणांपैकी सहा जण त्या ड्रॉइंगपाशी थांबले. बाकीचे सगळे थेट उजवीकडं. का? तर चपला. हॉलचं स्टॅण्ड उजवीकडं होतं, माणूस चप्पल काढायला वाकतो, उठतो, आणि उठल्यावर समोर जे असेल तिथून बघायला लागतो. प्रदर्शनाचा पहिला ठोका मी देतच नव्हतो, चपलांचं स्टॅण्ड देत होतं.

दोन मार्ग होते, स्टॅण्ड हलवायचं किंवा ड्रॉइंग. मी आधी स्टॅण्ड हलवलं तर लोकांनी चपला जुन्याच जागी जमिनीवर काढल्या. मग ड्रॉइंग हलवलं, स्टॅण्डच्या वर, वाकून उठल्यावर डोळ्यासमोर येईल असं. दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस जणांतले सत्तावीस थांबले. हा आकडा विज्ञान नाही, माणसं वेगळी, वार वेगळा, पण नकाशे शेजारी शेजारी ठेवले की कुणालाही दिसतं काय झालं ते. कलासंशोधनात पुरावा म्हणतात तो असाच बारीक असतो.

यानंतर जे काम आहे ते बसून करायचं, आणि हे टाळू नका: तुलना कुठं तुटते त्याची यादी. माझी इथं सगळ्यात जास्त डोकेफोड झाली. ऑर्केस्ट्रात तिघे असतात, लिहिणारा, चालवणारा, वाजवणारा. प्रदर्शनात चित्रकार कोण, लिहिणारा की वाजवणारा? चित्र म्हणजे स्कोअर म्हणावं तर ते आधीच वाजून झालेलं आहे. वादक म्हणावं तर ते श्वास घेत नाही, चुकत नाही, आणि टाळ वाजवून तक्रारही करत नाही. मला वाटतं वाजवणारा प्रेक्षकच आहे, तो कुठल्याही पानापासून सुरू करतो, मधली चार पानं गाळतो, एका स्वरावर पाच मिनिटं उभा राहतो, आणि तरी त्याला बेसूर म्हणता येत नाही. माझ्या सहातले दोन चित्रकार याला अजिबात कबूल नाहीत आणि त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं फाइलला लावलंय. तुम्ही पण लावा.

दुसरी तुटायची जागा म्हणजे आपल्याकडं मैफिलीच्या गाण्यात कंडक्टर नाहीच. मिरजेत तंबोरे बनतात, २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन पण मिळालं, तिथल्या एखाद्या कारागिराकडं बसून जवारी काढताना बघा. घोडीवर घासून घासून, तारेखाली सुती दोरा इकडं तिकडं सरकवत एका जागी आवाज खुलतो. मग तो तंबोरा मैफिलीत मागं बसतो, कुणाला खूण करत नाही, पण त्याला सोडून कुणी जाऊ शकत नाही. हे बघून आल्यावर मी हॉलमधले दोन दिवे अर्ध्या अर्ध्या फुटानं सरकवत बसलो. म्हणजे क्युरेटर कधी कंडक्टर असतो आणि कधी नुसता तंबोऱ्याचा कारागीर, हॉल सुरात लावून मागं सरकणारा, आणि कोणत्या दिवशी कोण हे आधी ठरवता येत नाही.

फाइलमध्ये काय ठेवायचं: प्रश्न एका ओळीत, दोन्ही संध्याकाळचं रेकॉर्डिंग, स्कोअरचे सगळे मसुदे खाडाखोडीसकट, प्रेक्षकांचे नकाशे, तुटलेल्या जागांची यादी, आणि विरोधी मतं. सलग लेख करायची सक्ती नाही, रिसर्च कॅटलॉग म्हणून एक फुकट साइट आहे तिथं आवाज, व्हिडिओ, चित्र, मजकूर एकाच पानावर हवा तिथं मांडता येतो आणि मराठी पण चालतं. बँडवाल्यांना विचारा नाव द्यायचं का, द्यायचं असेल तर वर द्या, आभारात खाली ढकलू नका.

शेवटच्या दिवशी बँडमास्तर आले. मागच्या दारानं आले, म्हणजे जिथं मी शेवट केला होता तिथून, आणि उलटं बघत बघत चपलांच्या स्टॅण्डवरच्या ड्रॉइंगपाशी येऊन थांबले. मी म्हटलं मास्तर सुरुवात इथनं होती. म्हणाले, “असूदे की, आम्ही वरातीत कुठनंबी सुरू करतो.” नंतर त्यांनी त्या काळ्या कॅनव्हासबद्दल आणि मोकळ्या भिंतीबद्दल पण काहीतरी फार भारी सांगितलं होतं, पण चित्रं उतरवायच्या गडबडीत मी ते दोन दिवसांनी लिहायला बसलो आणि निम्मं आठवेना. डायरी त्याच रात्री लिहा, खिळे उपटायच्या आधी.